दिव्याच्या गोपुरातला शेवट

माझ्या थोरल्या बहिणीला मी कॉम्प्युटरवरच्या एका खेळाचा खोटा शेवट वाचून दाखवला. सहा वर्षं तिला तोच खरा वाटत होता आणि मी गप्प राहिलो. ‘खेळच तर होता’ असं मला कुणी सांगू नये. तसं म्हणणाऱ्यांनी अक्काला तो खेळताना पाहिलेलं नाही.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती. कुंभकोणमच्या बाजारात, कापडाच्या दुकानावरच्या माडीवर, मी कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवत असे. रविवारी क्लास बंद आणि किल्ली माझ्याकडे. अक्का मेलकावेरीहून टाउन बसनं यायची, डब्यात लिंबाचा भात घेऊन. तिची शाळा आठवीत सुटली होती, तीही तमिळ. इंग्रजी तिला येत नव्हतं. खेळातलं पडद्यावरचं इंग्रजी मी तिला आमच्या घरच्या, तंजावरकडच्या मराठीत सांगायचो, पुढं काय करायचं ते ती सांगायची आणि मी टाइप करायचो.

आमच्या घरी एकादशीला पोथी अशीच चाले. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा. वडिलांचा नियम एकच होता: अर्थ सांगणाऱ्यानं पदरचं घालू नये.

खेळात वादळात जहाज फुटतं, भाऊ हरवतो आणि बहीण त्याला शोधत एका बेटावर फिरते. बेटावर दीपगृह होतं. आमच्या घरच्या बोलीत त्याला शब्द नव्हता, म्हणून अक्का त्याला ‘दिव्याचं गोपुर’ म्हणे.

खेळात उणिवा होत्याच. किनाऱ्यावरचा दोर सुरुवातीलाच उचलला नाही, तर तासाभरानं विहिरीपाशी अडकायचं, आणि का अडकलो ते कळायचं नाही. ‘दार ढकल’ लिहिलं तर त्याला समजत नसे, ‘उघड’च लिहावं लागे. चित्रं ओबडधोबड. तरीही मी त्याची बाजू घेणार. दर दोन मिनिटांनी तो खेळ विचारायचा, आता तू काय करशील? अक्काला हे घरात कुणी कधी विचारलं नव्हतं. शाळा सोडवताना नाही, लग्न ठरवताना नाही, आणि ते मोडून ती परत आली तेव्हाही नाही.

गोपुराच्या दारातल्या कुत्र्यानं मला आधी एकट्यानं खेळताना तीन दिवस अडवलं होतं. अक्का म्हणाली, “अय्यो, काठी काय दाखवतोस त्याला? आधी खायला घाल.”

कुत्रा बाजूला झाला.

“बघ! पंतोजी तू आणि अक्कल माझी.”

शेवटी एकाच माणसाला पुरेल अशी नाव उरते. गोपुराचा म्हातारा राखणदार आणि ती बहीण, दोघंच. पाणी चढत असतं. भाऊ पलीकडच्या किनाऱ्यावर.

“म्हाताऱ्याला बसव,” अक्का म्हणाली.

मी खेळ आधीच संपवला होता. म्हाताऱ्याला नाव दिली की बहीण बुडते, पडदा काळा होतो आणि एक ओळ येते: तू चुकलीस, पुन्हा सुरू कर.

“अगं, विचार कर. भाऊ वाट बघतोय.”

“बघू दे. म्हाताऱ्याला टाकून आलेली बहीण त्याला तरी कशाला हवी?”

मी ‘मी नावेत बसते’ असं टाइप केलं. पडद्यावर पलीकडच्या किनाऱ्यावर भाऊ-बहिणीची भेट झाली. वाचून मात्र दाखवलं की, म्हातारा पोचला, त्यानं मोठी नाव धाडली, तीतून भाऊच आला आणि बहिणीला पलीकडे घेऊन गेला.

अक्कानं डोळे पुसले. मग चित्राकडे बघून विचारलं, “म्हातारा कुठाय?”

“तिथल्या झोपडीत झोपलाय.”

पुढं सहा वर्षं ती घरातल्या पोरांना ही गोष्ट सांगत राहिली. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत चुलतभावाची कॉलेजातली मुलगी आली. तिनं तो खेळ खेळला होता. ती हसत म्हणाली, “आत्या, तुझा शेवट खोटाय. नाव दिली की आपण मरतो.”

“तुझं इंग्रजी कच्चं असेल,” अक्का म्हणाली. “माझा भाऊ पदरचं घालत नाही.”

मी तिथंच इडली खात होतो. मी आणखी चटणी वाढून घेतली.

पुढच्या रविवारी मी जुन्या फ्लॉप्या शोधून काढल्या आणि अक्काला क्लासात घेऊन गेलो. नावेपर्यंत आलो, आणि या वेळी तिचंच उत्तर टाइप केलं. पडदा काळा झाला.

“काय लिहिलंय?”

“तू चुकलीस, असं लिहिलंय.”

तिनं पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. “मी नाही. खेळ चुकलाय.”

खेळ चुकला होता, हे मी आजही कुणाशीही भांडून सांगेन. पण त्या दिवशी मला दुसरंच काही सांगायचं होतं. मी खुर्चीवरून उठून तिच्यासमोर खाली बसलो.

“अक्का, हे तू सहा वर्षांपूर्वीच म्हणाली असतीस. मी म्हणू दिलं नाही. तुला एवढं एकदाच कुणी काही विचारलं होतं, आणि तुझं उत्तर मी बदललं. मी पदरचं घातलं, अक्का. मला क्षमा कर.”