राखेचं धरण
आई अजून राखेनंच भांडी घासते. तो ओला वास आला की मोर्शीकडचं धरण आठवतं. आमच्या घरातला पहिला इंजिनियर मी, अन् काँक्रीटमध्ये वीजकेंद्राची राख मीच घालायला लावलेली. सातव्या दिवशी तपासणीचे ठोकळे कमी दाबातच फुटले. "राखेनं भांडे घासतेत साहेब, धरण नाई बांधत," म्हातारा मिस्त्री म्हणाला. भिंत फोडायचा हुकूम येणार होता. राखेचं काँक्रीट सावकाश ताकद धरतं, असं सांगून मी छप्पन्न दिवस मागून घेतले. छप्पन्नाव्या दिवशी दाबयंत्राचा काटा हव्या त्या आकड्याच्या पुढे गेला, तरी ठोकळा फुटेना. मग भिंतीवर चढताना मिस्त्रीनं चपला काढल्या. "काहून?" मी विचारलं. "दोन महिने शिव्या देल्या जी तिले." आता धरण भरलं की मीही अनवाणीच त्या भिंतीवर जातो.