दुखत नाही ना?

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. सुनेला नाही, यांना तर नाहीच. देवापुढे बसते तेव्हासुद्धा भलतंच काहीतरी पुटपुटत असते. तुम्हाला का सांगते? कोण जाणे.

मी वेबसाइटवरचा मजकूर लिहिते. हसू नका. शाळा नववीपर्यंत, टायपिंग शिकले सुनेच्या जुन्या लॅपटॉपवर. ती वेबसाइट बनवते, आमच्या दिंडोशीच्या घरातूनच. मराठी लिहायला तिला जमेना, तर म्हणाली, "आई, तुम्ही बोलता ना, तसंच लिहा." यातली मेख तिनेच शिकवली — लोक मोबाइलला ज्या शब्दांत विचारतात, तेच शब्द पानावर हवेत. मग शोधणाऱ्याला आपलं पान सगळ्यात वर दिसतं. आता बायका कशा विचारतात ते मला नाही कळणार तर कुणाला? "गुडघ्याचे विकार" असं कोणी विचारत नाही हो. "जिना उतरताना गुडघा कटकट वाजतो" असं विचारतात. मी तेच लिहायची. पानं वर यायची. चढलं होतं मला जरा.

बोरिवलीला एक जण गाठींवर लेप आणि काढा द्यायचा. त्याच्या पानावर मोठ्या अक्षरात "स्तनातील गाठी". कोणी फिरकेना. कुठली बाई तो शब्द टाइप करते? तर ते काम माझ्याकडे आलं.

आणि नलू. नलू माझी शेजारीण, भिंतीला भिंत, मालवणकडची. त्याच सुमारास माझ्या ओट्याशी कोलंबी सोलत होती. मधेच थांबली, काखेकडे मनगट नेलं. "हयसर गाठ लागता गे. पण दुखणा नाय. दुखणा नाय म्हणजे काय नसता ना?"

मी म्हटलं, "वेडी आहेस का? उद्याच्या उद्या डॉक्टरला दाखव." हे मी म्हटलं, हे खरं आहे. पण ती गेल्यावर मी लॅपटॉप उघडला आणि — कसं सांगू — तिची भीती जशीच्या तशी उचलली. वर लिहिलं, "काखेत गाठ आहे, पण दुखत नाही?" खाली लिहिलं, "दुखत नाही ना? मग निम्मी काळजी इथेच सोडा, बाई."

त्या माणसाने असं लिहा म्हटलं नव्हतं. वाचणारीला धीर वाटू दे, एवढंच म्हणाला होता. धीर मी दिला. खरं-खोटं मला ठाऊक होतं का? नव्हतं. पण नलूला दाखवायला पाठवण्याइतकं कळत होतं — मग?

पान वर आलं.

काही दिवसांनी नलूला विचारलं, दाखवलंस का. तर हसली. "तू उगाच घाबरवतंस. वाचलंय मी मोबाइलवर. दुखत नाय तर निम्मी काळजी सोडा म्हणून लिवलाहा. किती गोड लिवलाहा गे, आपलाच कोणतरी बोलता असा वाटता." बोरिवलीचा लेप सुरूही केला होता तिने.

पहिल्यांदा मला काय वाटलं, सांगू? आनंद. माझं लिहिणं पोचलं म्हणून आनंद. मग कळलं, ती माझ्याच शब्दांवर थांबलीय. नुसतं तोंड उघडायचं होतं — नलू, ते मी लिहिलंय, मला त्यातलं काही कळत नाही, ऊठ, चल माझ्याबरोबर. ती काय करणार होती? चार शिव्या घातल्या असत्या मालवणीत. पण नववी शिकलेली बाई डॉक्टरकी करते असं तिने म्हणू नये — एवढ्यासाठी मी गप्प राहिले. "बघ बाई, तुझं तू," म्हटलं आणि चहा टाकला.

लेप लावण्यात थंडीही गेली. मग हॉस्पिटल. एवढा उशीर का केलात, तिथे विचारलं. नलूचा नुसता सापळा उरला होता. एकदा माझा हात धरून म्हणाली, "तुजा ऐकूक व्हया होता गे." आणि मी — मी म्हटलं, "असू दे."

ती गेली. तेराव्याला तिची मुलगी, स्मिता, मला म्हणाली, "मावशी, आई मोबाइलवर नेमकं काय वाचायची ते मी शोधणार आहे." त्याच दुपारी मी सुनेला सांगितलं, ते पान जुनं झालंय, काढून टाक. तिने काढलं. इतके महिने ते तसंच वर होतं. आणखी कितीजणींनी वाचलं असेल? तो विचार तेव्हा माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. मला फक्त स्मिता दिसत होती.

तिला काही सापडलं नाही. दर दिवाळीला ती माझ्यासाठी साडी आणते. "तुम्ही एकट्याच आईला सांगत होतात, मावशी," म्हणते, आणि वाकून नमस्कार करते.

मी साडी घेते. नेसतेही.