मामांच्या शेतातला बर्फ

“पंखा बंद कराले सांग तिले, बर्फ उडून राहिला,” स्वयंपाकघरातून मामा आईला हसत म्हणाले. डिसेंबर असूनही दुपारी उकडत होतं. कॉलेजच्या मैत्रिणींसाठी मी ख्रिसमसचं झाड सजवलं होतं. त्यावरचा कापूस मामांनी पारशिवनीहून आईच्या वातींसाठी आणला होता. मला हवा म्हटल्यावर त्यांनी सकाळी बसून त्यातली एकेक सरकी काढून दिली होती.

“किती मऊ आहे! कुठून आणलास?” आलेल्या मैत्रिणींपैकी एकीने झाडावरच्या कापसाला हात लावत विचारलं.

“सदरमधून, तिथल्या मोठ्या दुकानातून,” मी म्हणाले.

आतलं हसणं थांबलं. थोड्या वेळाने मामा पिशवी घेऊन, आमच्याकडे न बघता, दाराकडे निघाले. मी उठून त्यांची पिशवी धरली.

“सदरमधून नाही,” मी म्हणाले. “हे माझे मामा. कापूस यांच्या शेतातला आहे.”