गुणाचं पोर

मालन सुईण कधी चालायचीच नाही. पायाला भिंगरी बांधल्यासारखी पळायची. एकोणीसशे बत्तीसच्या चैत्रात ती नुकती जेवायला बसली, तोच महिपत गूळखोबरं घेऊन हजर! मुंबईच्या गिरणीतून रजा काढून आलेला, दोन दिवसांचा नवा बाप. पोर मालनच्याच हातावर जन्मलेलं.

"मालनकाकी, पोर लय गुनाचा हाय. सकाळपासना रडला नाय, निसता झोपलाय!"

ताट तसंच टाकून मालन धावत सुटली. मागून गूळखोबरं सांभाळत महिपत.

दारात त्याची आई, गंगुबाई, खुशीत उभी. मालनने विचारलं, "प्यायला का?"

"मध चाटवतंय की. चवथ्या दिसापावत आवशीचा दूध देत नाय आमच्यात. पिवला नासका असता ता."

मालनला स्वतःचाच राग आला. परवा निघताना तिने "लगेच पाजा" म्हणून बजावलं होतं, सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या, आणि ती त्यावर विसंबून घरी गेली होती!

"गायीचा चीक वासराला पाजताव, उरला तर खरवस करून मिटक्या मारताव. आनि ह्या पोराला मध? गुनाचा नाय ओ, भुकेन गळाटलाय!"

बाळंतीण राही रडायलाच लागली. मालनने दुपटी सोडली, पोराचे तळवे चोळले, त्याला आईच्या उघड्या छातीशी धरलं. मग दारात थिजलेल्या महिपतला हाताला धरून आत ओढलं. बाळंतिणीच्या, सुवेराच्या खोलीत पुरुष! गंगुबाईने तोंडावर पदर घेतला.

"बाप झालास ना? मग बघायला शिक. रडना ही शेवटची हाक. त्याच्या आदी पोर तोंड फिरवून शोधता, जीब भायर काढता. तवाच पाजायचा. आनि झोपून ऱ्हायला तर उठवून पाजायचा."

राहीने पिवळा थेंब पोराच्या ओठावर पिळला. काही नाही. दुसरा थेंब. तिसऱ्याला जीभ हलली.

"काकी, जीब! जीब काढलान!" महिपत केवढ्यांदा ओरडला. पोराने तोंड फिरवलं, चाचपलं, पकडलं, आणि गटकन आवाज आला. राही रडता रडता हसली. मालनने तर आनंदाने महिपतच्या पाठीत धपाटाच घातला.

सगळा गलका चालू असताना गंगुबाई मात्र भिंतीला टेकून खाली बसली.

"मालन, महिपतच्या आदी माजा एक झील व्हता, पयला पोर. चवथ्या दिशी गेला. तो पन असाच गुनाचा व्हता गो."

पोराचं पोट भरेपर्यंत मालन म्हातारीच्या शेजारी बसून राहिली. मग तिने पोर उचललं आणि गंगुबाईच्या ओटीत ठेवलं.

"उद्या सकाली येतंय मी. कितींदा प्यायला, ता तुमीच सांगायचा मना."

गंगुबाईने पोराच्या तोंडावरची नजर हलवली नाही; जीभ पुन्हा कधी बाहेर येते, ते ती बघत होती.