डब्याचा सांधा

हे घरात कुणाला ठाऊक नाही. दुकानात तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण — कारण काही नाही. सांगते.

पिरंगुटमधल्या एका छपाईच्या दुकानात मी डिझाइनचं काम करते. कप, बाटल्या, डबे. सपाट फोटो गोल वस्तूवर कसा दिसेल, ते गिऱ्हाइकाला आधी स्क्रीनवर दाखवायचं. फोटो वाकवायचा, कडांना थोडा दाबायचा. फार बोलावं लागत नाही, म्हणून मला हे काम आवडायचं.

कोळवणच्या एका बचत गटाच्या अध्यक्ष — सगळे त्यांना वहिनी म्हणतात — इंद्रायणी तांदळाच्या डब्यासाठी लेबल करून घ्यायला आल्या. फोटोत गटातल्या पाच बायका, हातात भाताच्या लोंब्या. मधोमध माझी आत्या.

ती माझी आत्या, हे वहिनींना माहीत नव्हतं. आमच्या आडनावावरून काही कळत नाही. आणि मी — मीही कळू देत नाही. शाळेपासूनची सवय.

"ही मधी नको गं," वहिनी स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाल्या. "बौद्धवाड्यातली हाय. लोकांना खायाचाय तो तांदूळ. मागं घे तिला." वर हसल्या. "तुला काय, माऊस फिरवला की झालं."

काय म्हणाले असेन मी? "हो" म्हणाले. आत्याला मधून कापून कडेला ठेवलं. स्क्रीनवरचा डबा फिरवत राहिले, ती दिसेनाशी होईपर्यंत. "बास, हितंच," म्हणून वहिनी उठल्या.

इथपर्यंत भित्रेपणा म्हणता येईल. पण पुढचं? ते मला कुणीच करायला सांगितलं नव्हतं.

लेबल डब्याभोवती गुंडाळलं की एक कड दुसरीवर चिकटते. तेवढी पट्टी झाकली जाते. आत्याचं नाक आणि माझं नाक — कुणीही ओळखावं, इतकं एक. एखाद्यानं डबा फिरवून पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं तर? वहिनी गेल्यावर मी आत्याचा चेहरा त्या पट्टीत सरकवला. बाहेर राहिला नुसता हात, लोंब्या धरलेला.

डबे आले, तशी आत्या गटाच्या भर मीटिंगमध्ये वहिनींशी भांडली. दुसऱ्या दिवशी एक डबा पिशवीत घालून एसटीनं आमच्याकडे आली.

"खरं सांग, तुज्याच दुकानात झालंय हे. मुद्दाम केलंय का न्हाई त्यांनी? मी तर मधी व्हते."

बाबा माझ्याकडे बघत होते. तेव्हा सांगता आलं असतं. नाही का?

मी कप आणला, त्याला कागद गुंडाळून दाखवला. म्हणाले, सपाट फोटो गोल केला की मधलं कडेला जातं, कुणीतरी सांध्यात येतंच, कॉम्प्युटरच तसं करतो. इतकं सलग मी घरात क्वचितच बोलते. आणि ते खोटं होतं. मधलं मधेच राहतं.

आत्याला पटलं. पुढच्या मीटिंगला तिनं सगळ्या बायकांसमोर वहिनींची माफी मागितली — उगाच संशय घेतला म्हणून. हे तिनंच मला सांगितलं, हसत हसत.

"दुकानातल्या पोरीनं समजावलं म्हनलं मी," म्हणाली.

भाचीनं, असं म्हणाली नाही. म्हणू नकोस, असं मी तिला कधीच सांगितलं नव्हतं.