बोट जिथं थांबतं

वानखडे मॅडमनी वर्गात कुणा पोराला "उत्तर काय आलं?" असं विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. फळ्यावर उदाहरण लिहून झालं की त्या दोन्ही हात पाठीमागे बांधून बाकांच्या मधून फिरायच्या आणि एखाद्याच्या पाठीशी जाऊन उभ्या राहायच्या. नजर पेन्सिलीच्या टोकावर. पेन्सिल सरसर चालली आहे तोवर गप्प. ती थबकली की वाकून हळूच म्हणायच्या, "हं, अठी अडकला तू. आता पुढं नको जाऊ, एक पायरी मागं ये." बाकीचे आम्ही सगळे वह्या तपासायचो, चूक आणि बरोबरच्या खुणा करायचो. मॅडमना त्या खुणांचा कंटाळा होता.

मी त्याच शाळेत कॉम्प्युटर शिकवते. खामगावहून पिंपळगाव राजाला एसटीनं अप-डाउन करते. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी डबा घरी विसरले आणि मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या कोपऱ्यात पेपर वाचायचं सोंग करून बसले. मॅडम पलीकडून उठून आल्या, कळण्याची अर्धी भाकर ठेच्यासकट माझ्यापुढं ठेवली. "मी जेवून आलेय," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "तोंड म्हणते जेवून आली. हात कवाचा एकच पान धरून बसला हाय." मी मुकाट्यानं भाकर खाल्ली. ठेचा इतका तिखट होता की डोळ्यांतून पाणी आलं, आणि तेव्हापासून आमचं जमलं.

या बाई मोबाइलवर लढाईचा खेळ खेळायच्या, हे सांगून कुणाला पटत नाही. झालं असं की सातवीतला एक पोरगा गुणोत्तराच्या पेपरात साफ आडवा झाला होता, आणि तोच पोरगा मधल्या सुट्टीत दोस्ताला समजावत होता की इतक्या घोडेस्वारांमागे इतके तिरंदाज धाडले तरच गड पडतो. मॅडमनी ते ऐकलं. "पुस्तकातलं गुणोत्तर याले येत नाई अन् फौजेचं येते. काऊन?" हे कळावं म्हणून त्यांनी तो खेळ स्वतःच्या फोनवर घेतला. पोरं थोड्याच दिवसांत दुसऱ्या खेळाकडे वळली. मॅडम मात्र तिथंच राहिल्या.

त्या खेळात प्रत्येकाचा एक गड असतो, शेती असते, दगडाची खाण असते. धान्य आणि दगड साठवायचे, तटबंदी वाढवायची आणि दुसऱ्यांवर चाल करून जायचं. मॅडमनी कधी कुणावर चाल केली नाही. त्या आपली भिंत वाढवायच्या, आणि खेळातल्या आपल्या गटात कुणाचा गड लुटला गेला की त्याला धान्य पाठवायच्या. मी चिडवायची, "लढाईच्या खेळात तुम्ही लढत कशा नाही हो?" त्या म्हणायच्या, "लढाले बाकीचे हायेत ना. कोनंतरी मांगं घर सांभाळाले पाह्यजे का नाई?"

भिंत पुरी व्हायला किती दगड कमी पडतात, ती कधी उभी राहील, हे त्या जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठीमागे मांडत बसायच्या. मी जरा तोऱ्यातच म्हटलं, "मॅडम, एवढ्याशासाठी कशाला डोकं शिणवता, मी फोनवर उघडेल असं एक पान बनवून देते." दिलंही. रकान्यांत आकडे भरायचे, खालचं बटन दाबायचं, की भिंत कधी होईल ते समोर येतं. नाव ठेवलं 'हिशेबनीस'. मॅडमनी ते आपल्या गटात टाकलं. गटातून ते बुलढाण्याला गेलं, अकोल्याला गेलं, मग आम्हाला माहीतही नसलेल्या गावांना गेलं. आणि तक्रारी यायला लागल्या.

तक्रार आली की मला आधी राग येतो. फुकट वापरायचं आणि वर नावं ठेवायची, हे मला झेपत नाही. शेगावच्या एका मुलीनं 'तुमचं हिशेबनीस खोटं बोलतं' असं कळवलं, तेव्हा मी तिला चांगलं खरमरीत उत्तर लिहायला बसले होते. मॅडमनी फोन माझ्या हातून काढून घेतला. "रागाऊ नको पोरी. ज्याले काई फरक पडत नाई तो तक्रार नाई करत, तो उठून चालला जाते. ही अजून बसून हाय." मग त्यांनी त्या मुलीला एवढंच कळवलं की तू वापरताना जे जे करते त्याचा व्हिडिओ काढून पाठव. व्हिडिओत दिसलं की भिंत कितव्या पायरीपर्यंत चढलीय ते ती निवडायचीच विसरत होती. "चुकतेय तीच!" मी विजयानं म्हटलं. मॅडमनी मान हलवली. पायरीचा रकाना मी अशा जागी ठेवला होता की कुणाचीही नजर तिथं गेली नसती. तो वर आणला आणि मुलीचा दुसऱ्या दिवशी आभाराचा निरोप आला.

कसं वाटलं, आवडलं का, असलं विचारायची त्यांनी मला बंदीच केली होती. "आवडलं का म्हनलं का मानूस हाव म्हनते. त्याले वाईटपना घ्याचा नसते. तोंडाले इचारू नको, बोटाले इचार." हे त्यांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी मीच त्यांना ऐकवायला लागले.

स्टँडजवळ सोपानभाऊंची पिठाची चक्की आहे. ते मॅडमच्या गटातले. एकदा शाळा सुटल्यावर आम्ही दोघी तिथं थांबलो. "कसं हाय हिशेबनीस?" मीच तोंड उघडलं. "झकास हाय ताई, काईच अडचन नाई," सोपानभाऊ म्हणाले. मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प झाले. मग त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमी वापरा, आमी फक्त उभ्या राह्यतो." सोपानभाऊंनी पिठाचा अंगठा धोतराला पुसला आणि आकडे भरायला लागले. एका रकान्यापाशी अंगठा थांबला. ओठ हलत होते. थोडं टाइप केलं, पुसलं, परत टाइप केलं.

चक्कीतून बाहेर पडल्यावर मॅडम म्हणाल्या, "तो शून्यं मोजून राह्यला." खेळात हजारांचा आकडा '५के' असा आखूड करून येतो, आणि हिशेबनीसला मात्र सगळी शून्यं लागायची. बिचारे दर वेळी ती मोजून भरायचे आणि तरी म्हणायचे झकास आहे. त्या आठवड्यात मी तो आखूड आकडा चालेल असं केलं. सोपानभाऊंनी सगळ्या गटाला कळवलं. असं आमचं बरेच दिवस चाललं, आणि मला वाटायचं हे असंच चालणार आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मॅडम फळ्यावर स्वतः लिहीनाशा झाल्या. पोरांना पुढं बोलवायच्या, "येकेकाले फळ्याची भीती मोडली पाह्यजे." आम्हाला ते पटलंही. डबा माझ्याकडे सरकवायच्या, "घे, उघड, तुले भूक लागली दिसते." मी उघडायची. एवढं माणूस रोज शेजारी बसतं आणि माझ्या लक्षात आलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

लक्षात आलं ते एका शनिवारी. सकाळची शाळा सुटली होती, स्टाफरूममध्ये आम्ही दोघीच होतो आणि मॅडम फोनवर हिशेबनीस वापरत होत्या. मी सवयीनं त्यांच्या मागं जाऊन उभी राहिले. दोन्ही हात पाठीमागे. त्यांचीच लकब होती ती. मॅडमचा अंगठा आकड्यांवरून हळू हळू गेला. खालच्या बटनाशी आला आणि तिथं वरच्या वर थांबला. थरथरत होता. मग मॅडमनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि अंगठा बटनावर टेकवला.

"कसं चाललंय मॅडम?" मी विचारलं.

"येकदम मस्त," त्या म्हणाल्या.

घरी जाऊन मी ते बटन मोठं केलं. स्क्रीनच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, कुठंही हात पडला तरी दाबलं जाईल असं. सोमवारी मॅडमनी ते उघडून बघितलं. "येवढं मोठं काऊन केलं वं हे? कोनाची तक्रार आली?"

"बोटाची," मी म्हटलं.

त्यांनी फोन पालथा ठेवला. मग म्हणाल्या, "शाळेत कोनाले सांगू नको." नसांचा आजार होता. अकोल्याच्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं होतं, आणि नागपूरच्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की याला औषध नाही. "आधी हात जाईन, मंग पाय, मंग बोलनं. क्रम लावून देला हाय त्याईनं. मले फक्त ही सातवी पार कराची हाय. उन्हाळ्यालोक पुरलं ना शरीर, तं मांगनं काई नाई." मी त्यांचा डबा उघडून दिला.

त्यानंतरच्या महिन्यांत हिशेबनीस जितकं सुधारलं तितकं आधी कधी सुधारलं नव्हतं. मॅडमचं बोट बारीक रकान्यांवर नेमकं पडेना, म्हणून मी रकाने कमी केले. एकदा भरलेले आकडे परत भरणं त्यांना जड जाऊ लागलं, म्हणून जुने आकडे आपोआप राहतील असं केलं. अंगठ्याला खाली-वर सरकवणं जमेना, तेव्हा सगळं एकाच पानावर आणलं. आणि प्रत्येक वेळी लोकांचे निरोप यायचे. ताई, आता लय सोपं झालं. आता एका हातानं होते, दुसऱ्या हातात चहा धरता येते. माझी आईसुद्धा वापरायला लागली. ज्या लोकांच्या तक्रारींनी माझं डोकं फिरवलं होतं, ते आता कौतुक करत होते आणि ते कौतुक मला सोसत नव्हतं. प्रत्येक शाबासकी म्हणजे मॅडमच्या हातातून अजून काहीतरी गेलं, एवढाच तिचा अर्थ होता, आणि तो फक्त आम्हा दोघींना ठाऊक होता.

मॅडमना मात्र ते निरोप वाचून दाखवावे लागत. त्या मनापासून खूश व्हायच्या. "पाह्य, माह्या एका बोटापायी किती लोकायचं काम हलकं झालं." मी हो म्हणायची आणि पाणी प्यायला बाहेर जायची.

सातवी पार झाली. शेवटच्या महिन्यात त्या खुर्चीत बसून शिकवायच्या आणि पोरं वह्या घेऊन त्यांच्यापुढं येऊन सोडवायची, म्हणजे पेन्सिल दिसावी. गुणोत्तरात आडवा झालेला तो पोरगा पास झाला. मॅडमनी निकालाच्या दिवशी त्याला जवळ बोलावलं, पण हात उचलून पाठीवर ठेवता येईना. पोरगा उभाच होता. मग मॅडम म्हणाल्या, "जा बे आता, आठवीत बसून मार खा." तो हसत पळाला.

त्यानंतर मी शाळा सुटली की त्यांच्या घरी जायची. काका, म्हणजे त्यांचे मिस्टर, दार उघडून म्हणायचे, "ये पोरी, ते तुहीच वाट पाहून राह्यली." बोट पुरतं थांबलं तेव्हा मी हिशेबनीसला कान दिले: तोंडानं आकडा सांगायचा, तो आपोआप भरला जाईल. लोकांनी त्याचंही फार कौतुक केलं. मॅडमना ते जेमतेम पावसाळाभर पुरलं. मग त्यांची जीभ जड झाली. त्या "दगड" म्हणायच्या आणि हिशेबनीसला काहीतरी भलतंच ऐकू यायचं. मी आवाज रेकॉर्ड करून घेतला, त्याला पुन्हा पुन्हा शिकवून बघितलं, ज्यांना यातलं कळतं त्यांना विचारलं. काही जमलं नाही. एके दिवशी मी रडकुंडीला येऊन फोन आपटणार होते, तेव्हा मॅडम एकेक अक्षर ओढून म्हणाल्या, "राहू दे. त्याची... चूक नाई." त्यांचं मला नीट कळलेलं ते शेवटचं बोलणं.

नंतर नंतर मी फोन त्यांच्या डोळ्यांपुढं धरायची. डोळे बटनाकडे जायचे. मी दाबायची आणि भिंत कधी पुरी होणार ते वाचून दाखवायची. त्या डोळे मिटायच्या, म्हणजे झालं. त्या गेल्या तेव्हा त्यांच्या गडाची भिंत अर्धीच झाली होती. अंत्यविधीला बुद्धवंदना झाली, चक्की बंद ठेवून सोपानभाऊ आले होते, आणि आठवीतली पोरं एका बाजूला उभी होती. मी रडले नाही. मला वाटलं मी बरीच खंबीर आहे.

हिशेबनीसला मी त्यानंतर हात लावला नाही. मग कितीतरी दिवसांनी, एसटीत बसले असताना, सोपानभाऊंचा निरोप आला: "ताई, लय दिवस झाले नवीन काई आलं नाई. पहिले तं सारखं काई ना काई सुधरत होतं. आता सुधराले काई राह्यलंच नाई वाटते. एकच नंबर झालं." त्यांनी शाबासकी दिली होती. मी खिडकीकडे तोंड करून पिंपळगाव येईपर्यंत रडले.

शाळा सुटल्यावर चक्कीवर गेले. सोपानभाऊ म्हणाले, "ताई, खरंच काई तक्रार नाई." मी म्हटलं, "माहीत आहे भाऊ. तुम्ही फक्त वापरा." त्यांनी पिठाचा अंगठा धोतराला पुसला. मी मागं जाऊन उभी राहिले, हात पाठीमागे बांधून. अंगठा धान्याच्या आकड्यावरून गेला, दगडाच्या आकड्यावरून गेला, सरळ खाली आला आणि त्या मोठ्या बटनावर टेकला. तो कुठंच थांबला नाही. मी तरी पुष्कळ वेळ तिथंच उभी राहिले.