हिरड्यांवरचा गुलाबी रंग

रविवार सकाळ, प्राण्यांचा दवाखाना. हजर: डॉक्टर, मी, गोचिडांच्या तापाने रक्त कमी झालेली माझी कुत्री चिंगी, रक्त द्यायला आलेला शेजारचा शेरू आणि त्याचे मालक काका.

डॉक्टर शेरूच्या मानेवरचे केस भादरत असताना काका त्याला म्हणाले, "रोज चिंगीवर भुंकतोस ना? भर आता दंड." शेरू निमूट पडून राहिला.

थेंब थेंब रक्त चढत गेलं आणि चिंगीच्या पांढऱ्याफटक हिरड्यांवर गुलाबी छटा आली. मी पुन्हापुन्हा तिचा ओठ उचलून पाहत होते. टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. कुंपणावरची भांडणं रक्ताच्या गावीही नसतात.

"कुत्र्यांना पहिल्यांदा बहुधा कुठल्याही कुत्र्याचं रक्त चालतं," डॉक्टर म्हणाले. "पुन्हा लागलं तर मात्र जुळवून पाहावं लागेल."

सोसायटीतल्या बाकीच्या कुत्र्यांचे रक्तगट तपासायचे अजून राहिलेत.